शंभर पेशींचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लांज्याकडचे एक निवृत्त शिक्षक सकाळी सकाळी माझ्या लॅबमध्ये आले. हातात मुंबईहून आणलेल्या रिपोर्टांची फाइल, खिशाला पेन्सिल. नमस्कार-चमत्कार झाले आणि गुरुजींनी फाइलमधला एक कागद पुढे सरकवला. रक्ताचा साधा तपास होता, ज्याला आपण सीबीसी म्हणतो. कागदाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं भागाकार मांडला होता. ८२ भागिले १४. उत्तर ५.८६.

"डॉक्टर, भागाकार मला येतो," गुरुजी म्हणाले. "मुलाच्या मित्रानं सांगितलं की न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं, आणि उत्तर पाचाच्या वर आलं की लिव्हर कॅन्सरचा माणूस फार दिवस काढत नाही. माझं पाचाच्या वर आलंय. आता हे गणित बरोबर आहे का, एवढंच सांगा."

गणित बरोबर होतं. गुरुजींच्या यकृतात चार सेंटिमीटरची गाठ होती. कित्येक वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरात त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं होतं. पण काही त्रास नाही म्हणून ते विसरून गेले होते. आता मुंबईच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती, आणि त्या भागाकारामुळे गुरुजींचं मन मागे फिरलं होतं. "आंब्याच्या हंगामात एवढा खर्च करून जायचं, आणि पावसाळा तरी बघायला मिळणार का?"

'पावसाळा' हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्याचं कारण पुढे येईलच. त्या दिवशी मी गुरुजींना चहा मागवला आणि हा आकडा जगात कुठून आला ते सांगायला बसलो. तीच हकिगत आज थोडी विस्तारानं सांगतो.

आपल्या रक्तात लाल पेशी असतात, पांढऱ्या असतात आणि बारीक बिंबिका असतात, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्या मोजायच्या ही कल्पना तशी अलीकडची. लेव्हेनहुकनं १६७४ मध्ये आपल्या भिंगातून लाल पेशी पाहिल्या; मोजायचं मनावर घेतलं ते पावणेदोनशे वर्षांनी, १८५२ मध्ये, कार्ल फीरोर्ट या जर्मन संशोधकानं. अगदी थोडं, मापून घेतलेलं रक्त त्यानं काचेवर पसरलं आणि एकेक पेशी मोजली. एका मोजणीत तासन्‌तास जात. पुढे फ्रान्समध्ये मालासे आणि आयेम, इंग्लंडमध्ये गॉवर्स यांनी १८७०च्या दशकात चौकटी आखलेल्या काचा आणि बारीक नळ्या तयार केल्या, आणि मोजणी दवाखान्यात आली.

त्याच वंशातलं न्यूबाउअर चेंबर माझ्या हातात आलं तेव्हा मी विद्यार्थी होतो. जाड काच, मध्ये कोरलेल्या चौकटी, वर झाकण ठेवलं की खाली उरते ती फक्त एक दशांश मिलिमीटर खोलीची जागा. बरोबर दोन पिपेटं. एकात लाल मणी, ते लाल पेशींसाठी. दुसऱ्यात पांढरा मणी, ते पांढऱ्या पेशींसाठी. रक्त तोंडानं ओढायचं. आज कुणी तसं केलं तर त्याला लॅबमधून बाहेर काढतील, आणि काढायलाच हवं. पण आमची पिढी तशीच शिकली. पांढऱ्या पेशी चार कोपऱ्यांतल्या चौकटींत मोजायच्या आणि पन्नासनं गुणायचं. चार हजार ते अकरा हजारांच्या मध्ये उत्तर आलं की सगळं ठीक.

पण नुसत्या संख्येवरून फारसं कळत नाही. शिमग्याला किती माणसं जमली ते मोजता येतं. पालखी नाचवणारे किती आणि नुसते बघे किती, हे कळायला माणसं वेगळी ओळखावी लागतात. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत ती ओळख करून दिली पॉल एर्लिखनं, आणि त्याला साहाय्य झालं ते कापड रंगवण्याच्या धंद्याचं. इंग्लंडात विल्यम पर्किननं १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला. मग जर्मन कारखान्यांनी असे शेकडो रंग बाजारात आणले. विद्यार्थिदशेतला एर्लिख हे रंग ऊतींवर टाकून बघत असे. त्यानं १८७८ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी रक्ताच्या पेशींकडे वळला. त्याच्या लक्षात आलं, की पांढऱ्या पेशींच्या पोटातले कण ठरावीक रंगच उचलतात. इओसिन नावाचा आम्ल रंग घेतात त्या इओसिनोफिल. तटस्थ रंग घेतात त्या न्यूट्रोफिल. म्हणजे आज आपल्या रिपोर्टवर छापलेली ही बोजड नावं मुळात रंगाऱ्याच्या वहीतली आहेत!

आम्ही वापरत होतो तो लिशमनचा रंग १९०१ सालचा. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, तो वाळू द्यायचा, रंग ओतायचा, दोन मिनिटांनी दुप्पट पाणी घालायचं. पुस्तकात हे सोपं वाटतं. कोकणात जून ते सप्टेंबर ते फार अवघड जाई. हवेतलं पाणी मेथिल अल्कोहोलात शिरे आणि लाल पेशींत बुडबुडे पडल्यासारखे दिसत. बाटलीचं बूच मिनिटभर उघडं राहिलं तरी दुसऱ्या दिवशीच्या काचपट्ट्या वाया. एका पावसाळ्यात तर मी रंगाची बाटली तांदळाच्या डब्यात ठेवत असे, आणि घरातल्या मंडळींनी त्यावर काय काय म्हटलं ते नभोवाणीवर सांगण्यासारखं नाही.

रंग चढला की सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. न्यूट्रोफिल इतक्या, लिम्फोसाइट इतक्या, बाकीच्या इतक्या. निरोगी माणसात न्यूट्रोफिल साधारण साठेक, लिम्फोसाइट तीसेक. भागाकार केला तर दोनच्या आसपास. मात्र आम्ही तो भागाकार कधी केला नाही. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहीत होतो आणि पुढचा रिपोर्ट घेत होतो. एर्लिखनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं ते दोन आकडे तसेच शेजारी शेजारी पडून होते.

न्यूट्रोफिल म्हणजे शरीराचे आगीवर धावून जाणारे लोक. जंतू शिरला, जखम झाली, की त्या हाडांच्या मगजातून थव्यानं निघतात, लढतात आणि दिवसा-दोन दिवसांत मरतात. लिम्फोसाइट वेगळ्या. त्यांतल्या काही वर्षानुवर्षं जगतात, पूर्वी भेटलेला शत्रू लक्षात ठेवतात आणि बिघडलेली पेशी ओळखून ती नष्ट करतात. पेशी परक्या वस्तूला गिळतात हे इल्या मेचनिकॉफनं १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं पाहिलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यानं गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला दिसला. मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना १९०८ चं नोबेल विभागून मिळालं. दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध होती, आणि दोघंही बरोबर होते.

या मेचनिकॉफचा एक विद्यार्थी आपल्या मुंबईला आला. वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पेटला तेव्हा त्यानं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. रत्नागिरीचा माणूस परळला जातो तो बहुधा केईएम किंवा टाटा हॉस्पिटलसाठी. त्या गडबडीत शेजारच्या या वास्तूकडे बघायला कुणाला सवड नसते. पण रक्तावरचं एक मोठं काम तिथं झालं आहे.

लूसी विल्स ही इंग्लंडची डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणीकामगार वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग होत असे. त्यांच्या लाल पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या असत. विल्सनं जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग तिनं या बायका काय खातात ते पाहिलं. पुढे माकडांवर प्रयोग करताना तिला दिसलं, की मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की रक्त सुधारतं. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे होतं त्याला आज आपण फॉलिक अॅसिड म्हणतो आणि गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांना त्याच्या गोळ्या देतो. त्या काळच्या मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं किती होती हे आपल्याला सांगायला नको. मला ही हकिगत एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते, की विल्सनं काचपट्टीवरच्या पेशी नीट पाहिल्या आणि तिथून ती थेट त्या बाईच्या ताटापर्यंत गेली. मधल्या आकड्यापाशी ती थांबली नाही.

त्याच १९३१ मध्ये मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. जगातले उत्तम उपचार परवडत असूनही करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं, आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनक मानले जातात. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना ते आठवतात ते १९४५ च्या एका निबंधासाठी. सूर्याबाई या सहकारी बाईंबरोबर त्यांनी लिहिलं, की धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळून नेसणाऱ्यांना नेमक्या त्या पट्ट्यावर त्वचेचा कर्करोग होतो. तिथली कातडी काळवंडते, जाड होते, चिघळते आणि शेवटी बिघडते.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन पंडितानं १८६३ मध्येच म्हटलं होतं, की जिथं दीर्घकाळ दाह चालतो तिथं कर्करोग उगवतो. गाठीच्या आत पांढऱ्या पेशी असतात हे त्याला दिसलं होतं. पुढे हा विचार बराच काळ मागे पडला. खानोलकरांचं धोतर हा त्याचा आपल्या घरातला दाखला.

यकृताचा कर्करोग हा दुसरा दाखला, आणि कमरेच्या वळापेक्षा फार मोठा. बारूक ब्लूमबर्ग या अमेरिकन संशोधकाला १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं कवच निघालं. १९७६ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. मग तैवानमध्ये बीस्ली नावाच्या डॉक्टरानं बावीस हजारांहून अधिक पुरुषांवर काही वर्षं नुसती नजर ठेवली. १९८१ मध्ये त्यानं जाहीर केलं, की ज्यांच्या रक्तात हा विषाणू ठाण मांडून आहे त्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेपटींहून जास्त आहे. वैद्यकात एवढा मोठा फरक क्वचित दिसतो. विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं मंद धुमसतो. पेशी मरतात, नव्या येतात, व्रण पडतात, यकृत निबर होतं, आणि कधीतरी एक पेशी बेबंद वाढू लागते. दारूनं, सी विषाणूनं, साठलेल्या चरबीनंही हेच होतं. गुरुजींचं तसंच झालं असणार. भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात २००२ पासून काही भागांत आणि २०११ मध्ये सर्वत्र आली. आता बाळ जन्मलं की पहिल्या दिवसातच टोचतात. गुरुजींच्या वेळी ती नव्हती, माझ्याही वेळी नव्हती.

आता शल्यविशारदांची अडचण बघा. १९६७ मध्ये अमेरिकेत थॉमस स्टार्झलनं कर्करोग झालेल्या एका लहान मुलीचं यकृत बदललं. नवं यकृत चाललं; पण मुलगी तेरा महिन्यांनी गेली ती कर्करोग परतल्यामुळे. पुढे असं वारंवार घडू लागलं. यकृत देणारा दाता मिळणं दुर्मीळ, आणि ते ज्याला द्यायचं त्याचा रोग वर्षभरात परतणार असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाया जातो. १९९६ मध्ये मिलानच्या माझाफेरो यांनी नियम घातला: गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, अनेक असतील तर तीनपर्यंत आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. हा नियम जगानं उचलला. तरीही सारख्याच मापाच्या गाठी असलेली दोन माणसं, एक दहा वर्षं जगतो आणि दुसरा वर्षात जातो, हे कोडं उरलंच. गाठीचं माप कळत होतं. तिच्याशी शरीर कसं वागतंय, ते कळत नव्हतं.

आणि इथं ते शेजारी पडलेले दोन आकडे वर आले. ब्रातिस्लाव्हाच्या झाहोरेक या डॉक्टरांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत पाहिलं, की आजार जितका गंभीर तितक्या न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. त्यांनी सुचवलं, की सरळ भागाकार करा. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी यकृताचा कर्करोग कापून काढलेल्या ९६ रुग्णांत तो भागाकार केला. पाच किंवा त्याहून जास्त उत्तर आलेल्यांची पुढची वाटचाल वाईट होती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधून प्रत्यारोपण झालेल्या १५० रुग्णांबद्दल असंच कळलं. २०१४ मध्ये शांघायच्या मंडळींनी त्यात बिंबिकांची संख्याही गुणली आणि नवा निर्देशांक काढला. त्यानंतर अशा निबंधांचा पूर आला. पाच हा आकडा काही दगडावर कोरलेला राहिला नाही. कुणी तीन धरलं, कुणी अडीच, कुणी दोन.

मला यातलं सौंदर्य जाणवतं. महागडी यंत्रं नकोत, परदेशी रसायनं नकोत. तालुक्याच्या गावीही होणाऱ्या तपासातून हे उत्तर निघतं. त्यामागे कारणमीमांसाही आहे. गाठ स्वतःच काही रसायनं सोडते, त्यांनी न्यूट्रोफिल वाढतात. आणि त्या न्यूट्रोफिल गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. आगीवर धावून आलेले लोकच चुलीत लाकडं सारू लागतात म्हणा ना. दुसरीकडे लिम्फोसाइट कमी म्हणजे पहारा ढिला. ज्या नव्या उपचारांत लिम्फोसाइटना पुन्हा लढायला सोडलं जातं, आणि ज्यांच्यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, त्या उपचारांतही हा भागाकार आज पाहिला जातो.

एवढं सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "म्हणजे मुलाचा मित्र बरोबरच सांगत होता."

तेव्हा मग मी त्यांना माझी ती जुनी गोष्ट सांगितली. ती मी फार लोकांना सांगितलेली नाही.

१९८३ च्या उन्हाळ्यातली. मी नवा होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय होतं. संगमेश्वराकडचा एक चाळिशीचा बागायतदार आला. उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप, वजन निम्म्यावर आलेलं, यकृत हाताला लागतंय. गावात तेव्हा सोनोग्राफी नव्हती. पांढऱ्या पेशी अठरा हजार, शंभरात न्यूट्रोफिल ८८. गाठीचा संशय चिठ्ठीवर लिहिलेलाच होता. त्याच्या थोरल्या भावानं मला बाहेरच्या पडवीत गाठून विचारलं, "खरं ते सांगा." मी काचपट्टीवरच्या न्यूट्रोफिलच्या गर्दीनं भारलेला होतो. म्हणालो, "पावसाळा निघेलसं वाटत नाही."

घरात कर्ज होतं, मुलगी लग्नाची होती. आठवड्याभरात त्यांनी चाळीस हापूसची कलमं विकली, पडेल भावानं. ऐन उमेदीची, बापानं लावलेली झाडं. मग शेवटचा प्रयत्न म्हणून त्याला कोल्हापूरला नेलं. तिथं एका डॉक्टरनं बरगड्यांमधून सुई घातली आणि चॉकलेटी रंगाचा पू बाहेर आला. कर्करोग नव्हताच. आमांशाच्या जंतूनं यकृतात केलेलं गळू होतं ते. पू काढला, गोळ्या दिल्या, माणूस महिन्याभरात घरी आला. त्यानंतर तो बावीस वर्षं जगला. रोज त्याच्या वाटेवर ती बाग होती, दुसऱ्याची झालेली. बाजारात भेटला की हसून म्हणायचा, "काय डॉक्टर, यंदा पाऊस कसा?" एवढंच. त्या बाईमाणसांनी किंवा भावानं मला कधी एक शब्द बोलला नाही, याचंच मला जास्त लागायचं.

माझी चूक कुठे झाली? पेशी मी बरोबर मोजल्या होत्या. न्यूट्रोफिल वाढलेल्या होत्या. आग लागलेली होतीच. फक्त आग कुणी लावली हे पेशी सांगत नाहीत. किडलेला दात, गळू, न्यूमोनिया, दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, अपघात, अगदी मोठा मानसिक धक्कासुद्धा हा भागाकार वर नेतो. शिवाय यकृत निबर झालं की पाणथरी फुगते आणि पेशी अडवून धरते; बिंबिका त्यानं हमखास घटतात, आणि मग बिंबिकांवर बेतलेलं गणित बरं दिसू लागतं, रोगी मात्र खालावत असतो. हातानं शंभरच पेशी मोजल्या तर नशिबाचाही भाग असतो. खरं प्रमाण साठ असेल तर माझ्या मोजणीत ते पन्नासही येऊ शकतं आणि सत्तरही. वॉलेस कोल्टर या अमेरिकन तंत्रज्ञानं १९५३ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रानं यात क्रांती केली. आजची यंत्रं मिनिटभरात हजारो पेशी मोजतात. चूक कमी होते, पण आग कुणाची, हा प्रश्न यंत्राच्याही पलीकडचा आहे.

आणखी एक गोष्ट गुरुजींना शिक्षक म्हणून लगेच पटली. वर्गाची सरासरी ५५ गुण असली म्हणून बाकावरच्या अमक्या पोराला ५५ च मिळतील असं कुणी म्हणतं का? लीड्सच्या ९६ माणसांचा हिशेब हा गटाचा हिशेब आहे. जास्त आकड्याच्या गटातही काही माणसं पुष्कळ जगली, कमी आकड्याच्या गटातही काही गेली. डॉक्टरांना तो आकडा उपयोगी पडतो तो गाठीचं माप, यकृताची ताकद आणि बाकीचे तपास यांच्या जोडीला. एकटा तो पंचांग नाही.

"दात दुखतो का हो?" मी सहज विचारलं.

गुरुजी चमकले. खालची दाढ महिनाभर ठणकत होती. गाल थोडा सुजलेला होता, तो मी आधीच पाहायला हवा होता. कर्करोगापुढे दाढेचं काय बोलायचं म्हणून त्यांनी ते मुंबईतही सांगितलं नव्हतं. दाढ काढली, औषध झालं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २६. गुरुजींनी खिशातली पेन्सिल काढून तिथंच भागाकार केला: २.५४. दोन वेळा ताळा केला. मग मुलाला फोन लावून म्हणाले, मुंबईची गाडी बघ.

मी त्यांना तेव्हाही सांगितलं, की या अडीचवरही फार विसंबू नका. पाचानं मरण नक्की झालं नव्हतं, तसं अडीचनं जगणंही नक्की होत नाही. शस्त्रक्रिया करायची ती गाठ काढता येण्यासारखी आहे आणि उरलेलं यकृत ते सोसेल म्हणून, आणि ते मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच पाहिलेलं होतं. गुरुजी मान हलवत होते. पण त्यांचं लक्ष कागदाकडे होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा आनंद मोडवेना.

शस्त्रक्रिया झाली. विषाणूवरची गोळी रोज चालू आहे. तिसऱ्या वर्षी सोनोग्राफीत एक बारीक ठिपका दिसला, तो सुई घालून जाळला. यकृताच्या कर्करोगात हे परतणं नेहमीचंच, त्यामुळे दर तीन महिन्यांनी तपासणीची फेरी असते. आता बरेचसे तपास इथंच होतात. डेरवणला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीतही आता सरकारी महाविद्यालय आहे. रात्रीच्या एसटीनं कशेडी घाट उतरत-चढत एका रिपोर्टासाठी मुंबई गाठायचे दिवस मी पाहिले आहेत, ते बरेच मागे पडले.

गुरुजींकडे शाळेतलं एक जुनं हजेरीपुस्तक आहे. त्यात मुलांच्या नावांच्या जागी तारखा, आणि तारखेपुढे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, भागाकार. शेवटच्या रकान्यात शेरा: 'सर्दी', 'नातवाचं बारसं, जागरण', 'काही नाही'. हा शेऱ्याचा रकाना त्यांचा स्वतःचा शोध. मोठमोठ्या निबंधांत तो मला क्वचितच आढळला.

गेल्या खेपेला यंत्राचा रिपोर्ट हातात घेतल्यावर ते जरा घुटमळले. "डॉक्टर, तुम्ही एकदा हातानं मोजाल का? मला बघायचंय." माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. तरी लिशमनची बाटली काढली, काचपट्टी रंगवली, त्यांना शेजारी स्टुलावर बसवलं. मी बोलत गेलो आणि ते लिहीत गेले, हजेरी घेतल्यासारखं. न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल. मध्येच एक इओसिनोफिल आली, भगव्या कणांनी भरलेली, तेव्हा मी त्यांना भिंगातून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. "ही माझी?" म्हणाले.

शंभर झाल्या. ६१ आणि ३१. गुरुजींनी भागाकार केला, हजेरीपुस्तकात लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबवून मला विचारलं, "आज काय लिहू?"